ओसरीवर ठेवलेली सवत

दुपारचे तीन. बुऱ्हाणपूर, शनवारा. दूरच्या अणुवीज प्रकल्पात गळती होऊन दोन तास उलटल्यावर पालिकेची रिक्षा गल्लीत ओरडत आली, "घर के अंदर रहें! खिडकी-दरवाजे बंद! कूलर बंद! कोई बाहर न निकले!" दोन तास साहेबलोक काय करत होते, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

उषानं नवऱ्याला, निरंजनला, मधल्या बिनखिडकीच्या खोलीत ओढलं. दाराच्या फटीत ओली चादर कोंबण्याआधी तिनं गळ्यातला टाक काढला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, तिला घास दाखवूनच जेवायचं, ही घरची रीत. लग्न झाल्यापासून उषा त्या पहिलीच्या, रजनीच्या, मागूनच जेवत होती.

"आज तरी दोघंच राहू," म्हणत तिनं टाक बाहेर ओसरीवर ठेवला नि आतून कडी लावली.

"अगं, काय केलंस हे!"

"मेलेल्याला कसली हवा बाधते?"

वीज गेली. अंधारात ओल्या चादरीचा कुबट वास दाटला. मग दारावर हलकेच थाप पडली.

"अहो... सगळे आत गेले... मी एकटीच राहिले ना..."

निरंजन उठलाच. "रजनी..."

उषानं त्याचा दंड धरला. दार उघडलं तर विषारी हवा आत येणार. आणि त्याहून मोठं भय, नवरा बाहेर जाणार.

"तिच्यासाठी मरता? मग मी कोण हो? नुसती भाकऱ्या थापायला आणलेली?"

"सोड, उषा... अंधाराला घाबरते ती..."

"घाबरू दे!"

थापा थांबल्या. निरंजन हुंदके देत पलीकडं सरकला. उषा दाराला पाठ लावून बसली. जिंकली होती ती. बऱ्याच वेळानं तिच्या डाव्या खांद्यावर हात आला. गार, जरा खरखरीत. समजूत काढतोय बिचारा! ती विरघळली, त्या हातावर गाल टेकला.

"रागावलात ना? पण नाही द्यायची मी तुम्हाला कुणाला."

समोरच्या कोपऱ्यातून निरंजनचा आवाज आला, "कुणाशी बोलतेस गं...?"

संध्याकाळी तपासणीवाले घरोघर किरणं मोजायचं यंत्र फिरवत आले. चादर फटीत तशीच होती. कडी त्यांच्यादेखत निघाली. निरंजनपाशी यंत्र गप्प. उषापाशी येताच ते किंचाळलं. डावा खांदा आणि गाल, एवढ्याच जागी बाहेरची विषारी धूळ. बाकी अंग स्वच्छ.

"बाहर गई थीं क्या?"

"नाही हो... दारच उघडलं नाही..."

साहेबांनी 'यंत्रात बिघाड' म्हणून हात झटकले. त्याच यंत्रावर पुढची सगळी गल्ली निर्धोक ठरवली, ते मात्र चाललं! कडी लावलेल्या खोलीत ती धूळ कुणी आणली, याचं उत्तर आजतागायत एकाही अधिकाऱ्यानं दिलेलं नाही.