यादी बंद झाल्यावर

काळा सूट, पांढरा शर्ट आणि तोंड दिसेल इतके चकचकीत बूट. असा माणूस शाळेच्या दारात उभा असेल तर तो मुख्याध्यापक नाहीतर कोण? नेरेइदाने दुसरा विचारच केला नाही. बाहेर बर्फ मिसळलेला पाऊस पडत होता. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. एका हातात पाच वर्षांची अनाईस होती, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. ती तडक त्याच्यापुढे गेली आणि डबा त्याच्या छातीशी टेकवला.

"साहेब, घरचे पास्तेलेस आहेत. माझ्या आईने केलेत. गरम आहेत तोवर खाऊन घ्या."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काही नाही. मुलीचं नाव तेवढं लक्षात ठेवा. अनाईस रोसादो."

डब्याची कल्पना आईची. दोन्या प्रोवी, म्हणजे प्रोवीबाई, म्हणून सगळा पार्क स्ट्रीट तिला ओळखतो, आणि थोडा घाबरूनही असतो. साठ वर्षं पोर्तो रिको बेटावर काढून अमेरिकेत आलेली बाई. कोणाच्या तरी कानात शब्द टाकल्याशिवाय कुठलंच दार उघडत नाही आणि रिकाम्या हाताने गेलेल्याचा शब्द कानात शिरत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक. या मॅग्नेट शाळेत फी नाही, ओळख चालत नाही, साऱ्या शहरातून अर्ज येतात आणि संगणक सोडत काढतो, हे नेरेइदाने तिला तीनदा समजावलं होतं.

"संगणक चालू करणारा माणूस असेलच ना," म्हातारी म्हणाली होती. "तो काय जेवत नाही?"

काळ्या सुटातल्या माणसाने झाकण जरासं उचललं. केळीच्या पानात उकडलेल्या सारणाची वाफ वर आली, तसे त्याने क्षणभर डोळे मिटले.

"मुख्याध्यापिका त्या तिकडे आहेत, निळ्या स्वेटरातल्या," तो हळूच म्हणाला. "मी एफ्राइन. माझी मुलगी इथे दुसरीत आहे. आज पाहुण्यांना वर्ग दाखवायला आम्हा पालकांना बोलावलंय."

"मग हा सूट?"

"अंत्ययात्रेची गाडी चालवतो. सकाळी एका आजोबांना पोचवलं, दुपारी एक आजी आहेत."

नेरेइदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने डबा परत घ्यायला हात पुढे केला. त्याने तो अलगद पाठीमागे नेला.

"दिलेलं परत मागतात होय? आणि नाव मी लक्षात ठेवतो की. अनाईस रोसादो. आईचं नाव मात्र... तुम्ही सांगितलं नाहीत."

तिने सांगितलं नाही. पण शाळा बघून निघताना अनाईसने नाव सांगून टाकलं, आई कोणत्या धुलाईच्या दुकानात असते तेही. पोरींच्या पोटात काही राहत नाही.

नेरेइदाला हीच शाळा हवी होती, कारण इथे अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये शिकवत आणि अर्धा दिवस इंग्रजीत. तिच्या घरात आजी आणि नात एकमेकींशी बोलू शकत नव्हत्या. दोन्या प्रोवीला इंग्रजीचे चार शब्द येत, त्यातले दोन भाज्यांचे. अनाईस बालवाडीत गेली आणि तिची स्पॅनिश दुधाच्या दातांसारखी एकेक करून पडत गेली. नेरेइदा संध्याकाळी सातपर्यंत धुलाईच्या दुकानात. घरी म्हातारी बोट दाखवी, पोर मान हलवी.

"अख्खी गल्ली माझ्या जिभेला वचकून असते," दोन्या प्रोवी म्हणे, "आणि माझ्याच नातीला रागवायचं तर मला हातवारे करावे लागतात. मुकी माकडीण झालेय मी या घरात."

हे ती ठसक्यात म्हणे. पण रात्री झोपलेल्या पोरीच्या उशाशी बसून ती आपल्या आईच्या, आपल्या गावच्या गोष्टी पुटपुटत राही, झोपेत तरी कानात जातील म्हणून. नेरेइदाने ते एकदा पाहिलं होतं.

चार दिवसांनी एफ्राइन डबा द्यायला धुलाईच्या दुकानात आला. डब्यात पेरूच्या मुरंब्याच्या खुसखुशीत वड्या होत्या.

"रिकामा डबा परत द्यायचा नाही, एवढं माझ्या आईने शिकवलंय," तो म्हणाला आणि त्याने काखेतलं गाठोडं उघडलं. "आणि हे सात शर्ट."

पुढच्या गुरुवारी पुन्हा सात. त्याच्या पुढच्या गुरुवारी नऊ.

"इतके?" नेरेइदा इस्त्री थांबवून म्हणाली. "एवढी माणसं मरतायत गावात?"

"मरणारे तेवढेच आहेत. तुमच्या घड्या मोडवत नाहीत, म्हणून नवे घेत चाललोय."

ती खाली मान घालून कॉलरवर इस्त्री फिरवत राहिली. एकाच कॉलरवर, चारदा. बायका काय ते यावरून ओळखतात.

एप्रिलमध्ये पत्र आलं. सोडतीत नंबर नाही, प्रतीक्षा यादीत सातवा. नेरेइदाला हातात येईल त्याची घडी घालायची सवय. तिने त्या पत्राची घडी घालत घालत त्याचा काडेपेटीएवढा चौकोन केला.

एफ्राइनने तो तिच्या मुठीतून सोडवून घेतला. त्याची बोटं ऊबदार होती. "सात म्हणजे काही लांब नाही. उन्हाळ्यात लोक गाव सोडून जातात. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत, चार वाजेपर्यंत, यादी जिवंत असते."

उन्हाळाभर त्याची लेक मिलाग्रोस नेरेइदाच्या घरी पडीक असे. मिलाग्रोसची आई ऑर्लँडोला गेली ती तिकडचीच झाली होती. दोन्या प्रोवी नारळाच्या दुधाचा बर्फ पेल्यांमध्ये गोठवून ठेवी, दोघी पोरी पायऱ्यांवर बसून चाटत आणि मिलाग्रोस आजीचं बोलणं अनाईसला सांगे, अनाईसचं आजीला. एके दिवशी ती बर्फ चाटता चाटता सहज म्हणाली, "आमच्या वर्गातल्या मुलाची बहीण लगेच शाळेत आली. एका घरातली भावंडं असली की यादीत पहिला नंबर."

दोन्या प्रोवीचे डोळे लकाकले. खिडकी उघडी होती, गल्ली भरलेली होती आणि म्हातारीला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं.

"अगं मग लग्न कर त्या गाडीवाल्याशी. पोरीला शाळा मिळेल, त्याचे शर्ट फुकटात निघतील. वर मी मेले की गाडी घरचीच."

समोरचा केशकर्तनालयवाला हसला. आणि एफ्राइन खाली पायऱ्यांवरच उभा होता.

नेरेइदा धाडधाड जिना उतरून आली. तिला त्याच्याकडे बघवेना.

"आईचं मनावर घेऊ नका."

"नाही घेत."

"एक सांगते, मग काय समजायचं ते समजा." ती पदपथाकडे बघत बोलू लागली. "वादळात तिकडे बेटावरचं आमचं घर गेलं तेव्हा मला आईला इकडे आणायचं होतं. डोक्यावर छप्पर नव्हतं. अनाईसच्या बापाकडे दोन खोल्या होत्या. त्याने विचारलं, मी हो म्हटलं. नंतर तीन वर्षं, जेवताना, भांडताना, पाहुण्यांसमोर, तो एकच म्हणे, 'खोलीसाठी आलीस तू.' आणि... खोटं नव्हतं ते. म्हणून उत्तर देता येत नसे." तिने हातातल्या कागदी रुमालाची घडी घातली. "आता उपाशी राहीन, पण गरजेपोटी कोणाला हो म्हणणार नाही."

एफ्राइनच्या हातात पोरींनी दिलेला बर्फाचा पेला होता. वितळलेला बर्फ त्याच्या मनगटावरून ओघळत होता, तो त्याने पुसला नाही.

जुलैच्या एका संध्याकाळी दुकान बंद करताना तो दारात रेंगाळला. टाय सैल केला, परत घट्ट केला. "नेरेइदा, एक विचारायचं होतं..."

तिच्या हातातली किल्ली कुलपात फिरेना.

"...शर्ट गुरुवारीच मिळतील ना?"

"गुरुवारीच मिळतात," ती म्हणाली. घरी जाऊन तिने आधीच घड्या घातलेले टॉवेल मोडले आणि पुन्हा घातले.

यादी सरकत होती. सातवरून चार. ऑगस्टमध्ये दोन. शाळा सुरू झाली, अनाईस गल्लीतल्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा एक. आणि तिथे यादी अडकली. नेरेइदा दर सोमवारी शाळेत फोन करी आणि तिथली बाई दर सोमवारी न चुकता विचारी, "घरातलं दुसरं मूल आमच्या शाळेत आहे का?"

"नाही," नेरेइदा म्हणे.

"हो म्हणायला जीभ झडत होती?" दोन्या प्रोवी म्हणे.

एफ्राइन गुरुवारी येई, शर्ट देई, शर्ट घेई. हसणं तेच, पण विचारणं नाही. त्यालाही वाटत असणार, ही जागेसाठी गोड बोलते... नेरेइदाने मनाशी ठरवून टाकलं. मग ती गोड बोलायचीच बंद झाली.

सप्टेंबरचा शेवटचा दिवस. भुरभुर पाऊस. नेरेइदा अर्धी रजा काढून पायऱ्यांवर, फोन मांडीवर घेऊन बसली. दोघी पोरी तिच्या मागे, एका छत्रीत. वर खिडकीत म्हातारी, हातात जपमाळ. साडेतीन. पावणेचार. चार. फोन वाजला नाही. नेरेइदाने तो उलटा करून पायरीवर ठेवला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती पावसात तोंड वर करून बसली. पावसात कोणाला काय कळतं?

चार वाजून पाच मिनिटांनी ती लांबलचक काळी गाडी पदपथाला लागली. समोरच्या केशकर्तनालयवाल्याने छातीवर क्रूसाची खूण केली. एफ्राइन उतरला. सूट भिजत होता. तो तिच्यापासून दोन पायऱ्या खाली थांबला.

"फोन आला?"

"नाही."

"यादी बंद झाली?"

"झाली ना," ती म्हणाली. "आनंद झाला का तुम्हाला?"

"नाही. वाईट वाटलं." त्याने मागे कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "कोपऱ्यावर पाऊण तास गाडी लावून बसलो होतो. चारची वाट बघत. जुलैत विचारायचं होतं, पण तेव्हा विचारलं असतं तर तू हो म्हणतानाही मान खाली घातली असतीस. पुढं मी भात जास्त मागितला तरी तुला वाटलं असतं, हा आता शाळेचं बोलून दाखवणार. आता माझ्याकडे द्यायला काही नाही, नेरेइदा. जागा नाही, नंबर नाही. शर्ट आहेत तेवढे... एकवीस."

नेरेइदा उठून उभी राहिली. "म्हणजे दोन महिने मी समजत होते की तू—"

"मला कळत होतं, काय समजतेस ते. पण सांगता येत नव्हतं. सांगणं म्हणजे विचारणंच झालं असतं."

"अरे मग विचार ना, का गाडीतल्याला ताटकळत ठेवतोस?" वरून आवाज आला.

"गाडी रिकामी आहे, दोन्या प्रोवी."

"मग तर आणखीच लवकर विचार. आणि मधे उभा राहून माझ्या लेकीला भिजवू नकोस. आधीच हिचं नाक—"

छत्रीखालून अनाईस उठली. कमरेवर हात ठेवून तिने खिडकीकडे पाहिलं आणि ती स्वच्छ, खणखणीत स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आजी, जरा गप्प बस. त्याला विचारू दे."

जपमाळ खिडकीत लोंबकळत राहिली. मिलाग्रोस आपल्या बुटांकडे निरखून बघत होती. उन्हाळाभर पायऱ्यांवर, बर्फ चाटता चाटता, कोणी कोणाला काय शिकवलं ते आता सगळ्यांना कळलं.

दोन्या प्रोवीचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सगळं आयुष्य दुसऱ्यांना गप्प करण्यात गेलं तिचं.

"अनाईस रोसादो," ती अखेर म्हणाली, आणि आवाज मध्येच फाटला, "वर ये. या क्षणी वर ये. आजीला उलट बोलतेस?"

"तू पण मधे बोलतेस," अनाईस म्हणाली आणि छत्री टाकून जिना चढू लागली. मिलाग्रोस तिच्या मागे धावली, एखादा शब्द अडला तर असावं म्हणून.

पायऱ्यांवर दोघंच उरली. नेरेइदा हसत होती, रडतही होती. तिने हात पुढे करून त्याच्या कोटाची ओली, दुमडलेली कॉलर सरळ केली. सवयीने. मग हात तिथेच राहिला.

"तू अजून विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"विचारू देतंय कोण?"

"हो," नेरेइदा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

वर, उघड्या खिडकीत, आजी-नातीचं आयुष्यातलं पहिलं भांडण रंगात आलं होतं. म्हातारी एक वाक्य बोले, पोर अडखळत दुसरं बोले. पाऊस भुरभुरत होता आणि खाली ती दोघं, हातात हात घेऊन, ते ऐकत उभी होती.