तलाठी हरवले आहेत

"माह्यं लेकरू हरवलं व माय!"

असं ओरडत जिजाबाई सूचना-खिडकीवर येऊन धडकल्या, तेव्हा भावना नुकतीच डब्याचं झाकण काढत होती. रविवार होता. कारंजा गावाजवळच्या एका रिसॉर्टच्या बाजारगल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. इकडे कपड्यांची-खेळण्यांची दुकानं, तिकडे हॉटेलं, मधोमध आकाशपाळणा. एवढ्या गर्दीत रोज कुणी ना कुणी हरवायचंच. त्यांना माईकवरून हाका मारायची नोकरी सेलूच्या भावनाची. आवाज असा, की हरवलेली पोरं रडायची थांबून स्पीकरकडे बघत बसायची.

"नाव काय काकू त्याचं?"

"दीपू. भाचा हाय माहा. मोरपंखी शर्ट घातला."

"घाबरतो का तो?"

"कायले घाबरते! पण भूक लागली का लय चिडते व."

वय विचारायचं राहूनच गेलं. घाईत राहतं असं. आणि आत्याला भाचा म्हणजे लेकरूच, मग त्याला मिशा फुटोत की टक्कल पडो.

भावनाने माईक ओढला. "लक्ष द्या! दीपू नावाचं बाळ हरवलं आहे. मोरपंखी शर्ट. बाळ भुकेलं असून चिडण्याची शक्यता आहे. कुणालाही दिसल्यास हात धरून सूचना-खिडकीवर आणावं. दीपू बाळा, रडू नकोस हं..."

"सापडला का समोरच्या हॉटेलात पाठवजो, पाहुणे खोळंबले," म्हणत जिजाबाई धावत गेल्या.

थोड्याच वेळात दोन शेतकरी एका उंचपुऱ्या मिशीवाल्या माणसाला दोन्ही हातांना धरून घेऊन आले. शर्ट मोरपंखी. हातात कुणीतरी दयेनं दिलेले बुढ्ढी के बाल.

"घ्या मॅडम, बाळ सापडलं," त्यातला तानबा हसू दाबत म्हणाला. "आमच्या गावचे तलाठी साहेब हायेत. रडले नाईत, पण चिडले लय."

"ग्राम महसूल अधिकारी!" बाळ गरजलं. "आता तलाठी म्हणत नाई."

भावनाने ओठ गच्च दाबले... पण हसू कुठलं थांबतंय! शेतकरी निघून गेले. उद्या पारावर काय गाजणार, ते त्यांच्या चालीवरूनच कळत होतं.

"हसा, हसा. दाखल्यासाठी माह्याकडं येतात ते लोक. आता काय इज्जत राह्यली माही? धम्मदीप नाव आहे माह्यं. दीपू बाळ नाई."

"मंग हरवले काऊन?"

साहेब एकदम मवाळ झाले. "हरवलो नाई... लपलो होतो. आत्याबाईनं पाळण्यात बसू म्हणून आणलं, अन् पाहतो तर हॉटेलात पोरगी पाह्याचा कार्यक्रम! दुकानातल्यासारखी पोरगी समोर मांडून ठेवतात, मले पाहवत नाई. अन् बोलायले तर काईच सुचत नाई."

"इथं तर बरंच सुचून राह्यलं."

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. नीट, शांतपणे. आणि भावनाला उगाचच माईकची वायर सरळ करावीशी वाटली. वायर सरळच होती.

"थोडा वेळ हरवलेलाच राहू द्या ना मले," तो हळूच म्हणाला.

नियमात बसत नव्हतं. तिने दार उघडलं. "या आत. पण चिडायचं नाई. हे घ्या, तर्री-पोहे. थंडे झाले, पण खा."

त्याने दोन घास खाल्ले आणि थांबला.

"काऊन? खारट झाले?"

"नाई... आणखी मागावे का, इचार करून राह्यलो."

"मागा की. मी राहीन उपाशी."

"मंग अर्धे अर्धे."

एका डब्यातून दोघं खात होते, बोलत होते. हा माणूस त्या हॉटेलात जाऊ नये, असं भावनाला इतकं मनापासून वाटलं की तिची तीच दचकली. ओळख ना पाळख, आणि काय हे!

तेवढ्यात दारात जिजाबाई. "अरे बाप्पा! तिथं तुह्यासाठी पोहे थंडे होऊन राह्यले, अन् तू इथं कोणाच्या हातचे हादडून राह्यला?"

धम्मदीप ताडकन उठला. मिशीला मोहरी चिकटलेली. "पोहेच खायचे होते ना, आत्याबाई? खाल्ले. मले आवडले."

"पोहे?"

"...पोहे बी."

भावनाच्या कानशिलांना चटका बसला. पण ती पोरगी सरळ मनाची. "असं नाई चालत," ती म्हणाली. "तिकडं ती बिचारी नटून बसली असंल. तिचा काय गुन्हा? पहिले तिले तोंडावर सांगून या. पळपुटा माणूस मले नाई पाह्यजे."

'मले' निसटलं, आणि तिने जीभ चावली. तो मात्र मान हलवून, आत्याच्या मागे गेलासुद्धा.

काचेतून हॉटेल दिसत होतं. पिवळ्या ड्रेसमधली मुलगी देखणी होती, चांगलीच देखणी. तो काहीतरी बोलला. ती हसली. मग तोही हसला! घ्या, स्वतःच्या हातानं पाठवलं ना, भोगा आता. एक आजोबा हरवले होते, एक छत्री सापडली होती. भावनाने माईकवरून सांगितलं, "निळ्या रंगाचे, घडी होणारे आजोबा सापडले आहेत." सगळी गल्ली खदखदली. तिला मात्र रडू येत होतं.

आणि दार वाजलं. धम्मदीप. एकटाच, घामाघूम.

"सांगितलं तिले. माह्या मनात दुसरी आहे म्हणलं."

"मंग हसली काऊन ती?"

"म्हणे, लय उपकार झाले! तिले आणखी परीक्षा द्यायच्या आहेत, बापाले सांगाची हिंमत नव्हती. आता तिचा बाप अन् आत्याबाई मिळून आम्हा दोघायले शिव्या देऊन राह्यले." त्याने श्वास घेतला. "भावना... छातीवरच्या बिल्ल्यावर नाव वाचलं मी. तुम्ही मले आवडल्या. तुमच्या घरी येऊ का?"

दिवसभर अख्ख्या बाजाराशी बोलणाऱ्या त्या पोरीने माईककडे बघितलं, काचेकडे बघितलं, शेवटी त्याच्याकडे बघितलं.

"बुधवारी सुट्टी असते माही," ती म्हणाली. "सेलूले येजो... अन् लवकर येजो. आत्ता एवढ्याशा वेळात वाट पाहू-पाहू माहा जीव अर्धा झाला."