तारनाक्याचा खंदक

पटो न पटो, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडलं. जयवंतामावशीबरोबर.

साल १९६२, नोव्हेंबर महिना. हैदराबादेत तारनाक्याजवळचे रेल्वे क्वार्टर्स.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा नात्यातले बरेचजण नांदेड-परभणीकडे परतले. जयवंताचे यजमान निवृत्ती मात्र रेल्वेत फिटर. ते इथेच राहिले. पदरी दीड वर्षाची भामा.

चीनशी लढाई पेटून महिना होत आला होता. रेडिओवर रोज माघारीच्या बातम्या. सरहद्द कुठल्या कुठे, तरी क्वार्टर्समागच्या मैदानात खंदक खणले होते. भोंगा झाला की दिवे मालवायचे आणि खाली उतरायचं, असा सराव चालायचा.

त्या संध्याकाळी निवृत्ती ड्युटीवर होते. जयवंता भामाला कडेवर घेऊन दुकानातून परतत होती. मैदानाच्या मधोमध आली आणि...

भोंगा वाजला.

बघता बघता सगळे दिवे गेले.

सराव, की खरंच विमानं आली? विचारणार कुणाला? समोर एक काळा खड्डा दिसला. ती उतरली.

आत मिट्ट काळोख. डोक्यावर फळ्या. ओल्या मातीचा वास. पाठ एका भिंतीला टेकलेली, गुडघे दुसरीला.

भामा रडू लागली.

"लाओ, मेरेकू देओ," शेजारून बाईचा आवाज आला.

क्वार्टर्समधलीच कुणी असेल. जयवंताने पोर दिली. भामा गप्प झाली.

एकदम गप्प...

जयवंताने कान दिला. बाईचा श्वास ऐकू येईना.

भामाचाही नाही.

तेवढ्यात सुटकेचा लांब भोंगा झाला. वरून लोक हसत-बोलत घराकडे निघाले.

"चला बाई, झालं. द्या पोरीला."

"नक्को. बाहर फौज है."

"अहो, सराव होता!"

"सब्बी ऐसाच बोल के गए. वापस कोई नै आया."

जयवंताने अंधारात हात घातला. भामाचा पाय लागला. बर्फासारखा गार. ओढला, तर सुटेना. उठायला गेली, तर डोकं फळीवर आपटलं. उतरली ती वाट चाचपली...

तिथे नुसती मातीची भिंत.

ती जीव खाऊन ओरडली. वर पावलं वाजत होती. कुणी थांबलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. रडून झालं, पाया पडून झालं. बाईचं एकच चाललेलं. "फौज है... फौज है..."

मग जयवंताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिनी फौज तर हजार मैल दूर; या बाईला चीनचं काहीच माहीत नाही. हिची लढाई वेगळीच आहे. आधीची कुठली तरी.

ती अंधारात त्या आवाजाकडे वळली.

"फौज गई, अम्मा. लढाई खतम. सब लोगां घर को गए. तुम भी चलो."



"सच्ची?"

"सच्ची. घरवाले राह देखरे."

मांडीवर काहीतरी जड येऊन पडलं. भामा! पोरीने टाहो फोडला. त्याच क्षणी तोंडावर गार वारं आलं. जयवंता उठली आणि मागे न बघता पळत सुटली.

ड्युटीवरून परतलेले निवृत्ती दारातच उभे होते. "कुठे होतीस तू? सगळे खंदक धुंडाळून आलो!"

तिने भामाला कंदिलाजवळ धरलं.

पोरीच्या डोळ्यांत सुरमा घातलेला होता. दोन्ही डोळ्यांत. कोरून, नीट.

सकाळी तिने जागा दाखवली. खंदक होता, पण जेमतेम गुडघाभर. वर एकही फळी नाही.

"कातळ लागला म्हणून अर्धवट सोडलाय," शेजारचे हिम्मतराव म्हणाले. "वहिनी, इथे माणूस बसेल कसा?"

पुढे लढाई थांबली, खंदक बुजले. भामाला काही झालं नाही. ती बाई कोण, कुठल्या काळातली, कुणालाच सांगता आलं नाही.

मावशीला मात्र वेगळीच गोष्ट छळायची. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली, "लेकरासाठी खोटं बोलले, त्याचं काही नाही रे. पण ती निघाली होती. माझ्यामागं तिची पावलं वाजत होती... तिला घर राहिलं असेल का? मग ती गेली कुणाकडं?"

भामाताई आजही तारनाक्यालाच राहते. मी जातो, जेवतो, गप्पा मारतो.

पण अंधार पडायच्या आत निघतो.