सुमेधाच्या जागी

श्रीगोंद्यात गळीत हंगाम सुरू झाला की दुपारच्या वाऱ्याला मळीचा वास येतो. पूर्वी उसाच्या बैलगाड्यांच्या घुंगरांनी दुपार भरून जायची. आता ट्रॅक्टर गाणी लावून जातात. सुमेधाबाईंना घुंगरांची आठवण येई, पण वास तोच होता. जेवणाच्या टेबलाशी त्यांची सून मनवा लॅपटॉपमध्ये टोळी उभी करत होती.

टोळी हा शब्द सुमेधाबाईंचा. मनवाच्या पुण्याच्या कंपनीनं तिला घरून काम करू दिलं होतं; फक्त नवं सॉफ्टवेअर आधी स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून संध्याकाळी दाखवायचं होतं. त्या मांडणीला ती क्लस्टर म्हणायची. आत कंटेनर नावाचे छोटे डबे, प्रत्येकाकडे एकेक काम, आणि वर लक्ष ठेवणारा एक. सुमेधाबाईंचं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलेलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे ऊसतोडीचा मुकादमच की. मनवा हसली. डब्यांना तिनं घरातल्या दोघींची नावं दिली, सुमेधा आणि मनवा.

"आता गंमत बघा आई. तुम्हाला मारते."

"मार बाई. राजसला तेवढं कळव."

राजस म्हणजे त्यांचा मुलगा. मनवानं हसत 'सुमेधा' बंद केला. अशा वेळी मुकादमानं त्याच नावाचा दुसरा डबा उभा करायचा असतो. त्यानं लगेच केला. त्यावर नाव आलं पंकजा.

जुनं काही राहून गेलं असेल म्हणून मनवानं सगळं पुसून नव्यानं मांडलं. पुन्हा पंकजा. ही कोण, असं तिनं विचारलं.

सुमेधाबाईंनी सरळ सांगून टाकलं. पंकजा राजसच्या वडिलांची पहिली बायको. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तापानं गेली, आणि सुमेधाबाईंना दुसरेपणावर दिलं. ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं आईच्या सांगण्यावरून पंकजा असं लिहिलं. जागा तीच, तर नावही तेच. नवरीनं मांडवभर पाहुण्यांसमोर तळहातानं तांदूळ सारखे केले आणि बोटानं लिहिलं, सुमेधा. त्यानंतर ते नाव या घरात कुणी काढलं नव्हतं. राजसलासुद्धा ठाऊक नव्हतं.

मनवानं घड्याळाकडे पाहिलं.

"चालतंय ना पण आई. राहू द्या आजच्यापुरतं. संध्याकाळी दाखवायचंय."

"माझ्या जागेवर ते नाव तेव्हा बसलं नाही, आता बसायचं नाही. पूस."

मनवा पुसत राहिली. इंटरनेट काढलं, लॅपटॉप बंद करून सुरू केला. पंकजा. बाहेरची गाणी कधी थांबली ते कळलं नाही. मळीचा वासही गेला होता. कोरं लुगडं उलगडताना येतो तसा खळीचा वास येत होता.

सुमेधाबाईंनी लॅपटॉप आपल्यापुढे ओढला. मनवानं दाखवलेल्या जागी त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर दाबत आपलं नाव लिहिलं.

डबा उभा राहिला. सुमेधा.

त्यांनी तो मारायला लावला. पुन्हा सुमेधाच.

"मुकादमाला असं ठणकावून सांगावं लागतं," त्या म्हणाल्या.

मनवानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा करायला आत गेली. खळीचा वास तेवढा रेंगाळत होता.

ती कप घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा निवांत होता, रोजच्यासारखा.

"पंकजाआई, चहा," तिनं सवयीनं हाक मारली.

सुमेधाबाई ताठ बसल्या. या नावाला त्यांनी जन्मात ओ दिली नव्हती.

"मी सुमेधा."

मनवानं वर पाहिलं नाही.

आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "आले गं."

सुमेधाबाई जागच्या हलल्या नाहीत. मनवानं कप टेबलावर ठेवला आणि त्या बसल्या होत्या ती खुर्ची, रिकामीच असावी तशी, अलगद मागे ओढली.