बुडबुडे थांबले

ऐकायचं तर नीट ऐका पोरांनो, मधेच मोबाईल बघायचा नाही. माझ्या ओळखीतला एक सर्जन आहे. हे त्याच्याच बाबतीत घडलं, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचे नऊ. बायकोचा दुरुस्तीला टाकलेला चष्मा घेऊन सर्जन घरी निघाला होता. तेवढ्यात दवाखान्यातून फोन. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची दुपारी दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली होती, आणि तपासतानाच आतड्याला भोक पडलं होतं. पोट फुगून टम्म. चष्मा खिशात तसाच राहिला.

बाईंचं हृदय कमजोर. पोट मोठं फाडलं तर त्या टेबलावरून उठणार नाहीत, असं भूल देणाऱ्या मॅडमनी आधीच बजावलं. म्हणजे पोटाला तीन बारीक छेद द्यायचे, एकातून कॅमेरा घालायचा आणि पडद्यावर बघत लांब चिमट्यांनी टाके घालायचे. सर्जनचा हात त्यातच बसलेला. त्याचे गुरू, थोरले डॉक्टर, मात्र त्यावरूनच जन्मभर हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. "पोटात हात घालायची भीती वाटते, म्हणून काठ्या घालतोस," असं सगळ्यांदेखत म्हणायचे. वर्षभरापूर्वी ते गेले. भांडण मिटायचं राहूनच गेलं.

भोक लगेच सापडलं. त्याने टाके घातले. मग पोटात पाणी सोडून, आतडं त्याखाली धरून खालून हवा भरायला सांगितली, सायकलची ट्यूब तपासतात तसं.

बुडबुडे आले.

"टाका सुटला का सर?" कॅमेरा धरलेल्या सिस्टरने विचारलं.

"टाका घट्ट आहे. मागून कुठून तरी येतायत."

म्हणजे दुर्बीण आरपार गेली होती. पुढचं भोक शिवायचं आणि मागचं राहून जायचं, याच चुकीने माणसं दगावतात. मग सुरू झाली कटकट. आतडं उलटवावं तर चिमट्यातून निसटायचं. चरबी आड यायची. कॅमेऱ्याची काच पुसून आत घालावी, की पुन्हा वाफ. सर्जन आधी वैतागला, मग चिडला, मग चिडायचंही त्राण उरलं नाही.

"बीपी उतरतंय," मॅडम म्हणाल्या. "आता आवरा."

"काय आवरू? भोक तसंच ठेवून आवरू?"

थोरल्यांनी हात घालून, बोटांनी चाचपून ते केव्हाच शोधलं असतं, असं त्याच्या मनात आलं. त्या विचाराचाच त्याला जास्त संताप आला.

सिस्टरने काच पुसायला कॅमेरा बाहेर काढला. पडद्यावर खोली दिसली. दिवा. मॅडम. तो स्वतः.

आणि टेबलापलीकडे... एक जण. हिरव्या गाऊनमधला. बाईंवर वाकलेला.

सर्जनने मान वर केली.

पलीकडे कुणी नव्हतं.

"सिस्टर, तुम्ही पण..."

सिस्टर पडद्याकडे बघत होती. तिने घाईघाईने काच पुसली.

कॅमेरा आत गेला. काच लख्ख. पाणी... स्थिर.

"हवा भरा."

"भरलीय सर."

एकही बुडबुडा नाही.

त्याने आतडं उलटवलं. या वेळी ते मुकाट्याने उलटलं. मागचं भोक दिसलं.

शिवलेलं.

आठवड्याभराने बाई आपल्या पायांनी घरी गेल्या. सर्जन मात्र अजून धुमसतोय. "जिवंतपणी एकदा शाबास म्हणाले नाहीत," तो मला म्हणाला, "आणि मेल्यावरही शेवटचा शब्द त्यांचाच." मी हसलो. तेव्हा त्याने कॅमेऱ्याने आत काढलेला फोटो माझ्यापुढे धरला.

टाक्याचा धागा काळा, रेशमी. तसला धागा त्या दवाखान्यात कित्येक वर्षांत आलेला नाही. आणि गाठ चिमट्याने मारलेली नव्हती. ती बोटांनी आवळलेली होती... एक बोटही आत जाणार नाही, एवढेच छेद दिलेल्या पोटात.