स्वल्प पाणी

पिंपळाला पहिलीच प्रदक्षिणा घालताना वसुमतीच्या वाटेत मोजपट्टीची फीत आडवी आली. फितीच्या टोकाला एक परका तरुण होता—बाह्या दुमडलेला, कानावर पेन्सिल.

कानडी मुलखात तिच्या ओठांतली मराठी आरती ऐकून तो थबकला. "मी पद्माकर, पुण्याचा. पुरात ही गल्ली कितपत तग धरेल, ते सरकारसाठी मोजतोय. तुम्ही इथल्याच?"

एकवीस फेऱ्या होईतो बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम; पारावरच्या फुलवालीनं तो त्याला सांगितला. ती फीत ओलांडून पुढं गेली. तो फेऱ्या मोजत शेजारून चालू लागला.

शेवटी तो म्हणाला, "एकवीस झाल्या."

तिनं आणखी दोन घातल्या, नागाच्या दगडांना हळद वाहिली आणि हळूच म्हणाली, "आत्ता झाल्या. मोजायला तुम्हालाच कसं पाठवलं?"

त्या दिवसापासून तो रोज सकाळी पिंपळाशी थांबू लागला. बसवनगुडीच्या उतारावर, तळ्याच्या बांधाखाली पंचवीस घरं. धान्य किती दिवसांचं, म्हाताऱ्यांना कोण उचलेल, गेल्या साली बांध फुटला तेव्हा पाणी किती चढलं... दारोदार विचारून त्यानं वही भरली.

"झालं काम," एके सकाळी तो हसत म्हणाला. "सगळे म्हणाले, पाणी स्वल्प आलं. दहापैकी आठ गुण. गल्ली जागेवर राहील. आणि मी... इथं येत राहीन."

वसुमतीनं वहीतल्या आठाकडं पाहिलं. ती बोलली नाही, तर वडिलांचं, अण्णांचं, घर राहील. ह्या सकाळीही राहतील.

"आमच्याकडं तापानं फणफणलेला माणूससुद्धा स्वल्प कणकण आहे म्हणतो," ती म्हणाली. "आपला भार दुसऱ्याला होऊ नये म्हणून."

"मग पाणी—"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. हनुवटीशी बोट धरलं. "इथवर. शेजारच्या अंबूबाईंना मी धरलं होतं... हात सुटला."

त्यानं फीत तिच्या हनुवटीशी नेली.  बोटं तिला लागू मात्र दिली नाहीत.

"हे लिहिलं तर गल्ली उठवतील. हेब्बाळच्याही पलीकडं, पार शहराबाहेर टाकतील."

"लिहा."

त्यानं आठ खोडून तीन केले.

महिन्याभरात गल्ली उठवण्याचा हुकूम आला. तिचे अण्णा, भीमाचार्य, चार पिढ्यांच्या त्या घरात कुणाशी बोलेनासे झाले. त्याच संध्याकाळी पद्माकर दारात उभा राहिला.

"अण्णा रागावलेत?"

"पोटभर."

"आणि तुम्ही?"

"लिहा म्हणून मीच सांगितलं ना."

त्यानं खाली पाहिलं. "पुण्याला आईला पत्र लिहावं म्हणतो... तुमच्याबद्दल. तुमची ना नसेल तर."

तिचे कान तापले. "ना नाही," ती म्हणाली. "पण पत्र मागाहून. घर का जातंय, ते आधी अण्णांना तुमच्या तोंडून ऐकू दे."

"हाकलून दिलं तर?"

"मी बसते ना बरोबर."

त्यानं चपला काढल्या. आत भीमाचार्य पाठमोरे बसले होते. वसुमतीनं त्यांच्यासमोर दोन पाट मांडले... एकमेकांना लागून.