दुरुस्तीची घोषणा

"ओ बाई, जरा शिडी धरता का? पडलो तर तुमच्याच बातमीत यायचो!"

वरून आवाज आला आणि ती दचकलीच. गळ्यातलं ओळखपत्र बघून कोणीतरी तिला बरोबर ओळखलं होतं. एका वेबवाहिनीवर दर शुक्रवारी तिचा 'चिमटा' लागायचा. दीड मिनिटाचा व्हिडिओ, पण टोमणे असे की भल्याभल्या साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. या खेपेचं गिऱ्हाईक होतं बस स्थानकावरचा नवा यंत्राचा आवाज... केव्हाच सुटून गेलेली गाडी "थोड्याच वेळात येत आहे" म्हणून सांगणारा!

शिडीवर होता भोंगे दुरुस्त करणारा. हातात पक्कड, केसांत धूळ, आणि डोळे असे मिश्कील की तिनं मुकाट्यानं शिडी धरली.

"तुमचं यंत्र खोटं बोलतं," ती खालून म्हणाली.

"यंत्र बिचारं वाचून दाखवतं. खोटं बोलतं ते वेळापत्रक."

"मग तुम्ही काय दुरुस्त करताय?"

"भोंगा. खोटं निदान स्पष्ट ऐकू यावं!"

ती खो खो हसली. हे वाक्य आपल्याला कसं नाही सुचलं, असं वाटायला लावणारा माणूस तिला आवडलाच. झालं! 'चिमटाबाई' आणि 'भोंगेराव' सुरू झालं, मग अहो-जाहो गळालं, आणि चहाच्या टपरीवरचे दोन कप कधी रोजचे झाले ते दोघांनाही कळलं नाही.

एका पावसाळी दुपारी, त्याच टपरीच्या पत्र्याखाली खांद्याला खांदा लावून उभे असताना, तो हळूच म्हणाला, "बाबा तीस वर्षं या स्थानकावर घोषणा करायचे. यंत्र आलं, बाबा घरी बसले. पण सवय गेली नाही गं. रोज सकाळी खणखणीत आवाजात... 'कृपया लक्ष द्या, स्वयंपाकघरातून निघणारा चहा पाच मिनिटं उशिरानं येत आहे.' आई गेल्यापासून घरात तेवढाच आवाज. हे आपल्यातच हं!"

"वेडा की काय! मी कोणाला सांगतेय?" ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवरचे थेंब तिनं बोटानं पुसले. खरंच सांगायचं नव्हतं हो तिला.

पण गुरुवार उजाडला आणि 'चिमटा' काही जमेना. मग तिनं लिहिलं. आधी घरात घोषणा करणारे आजोबा, आणि मग, खरा चिमटा, त्यांना एका कागदावर घरी पाठवणारे साहेब. संपादकानं घड्याळ दाखवलं. "दीड मिनिटात बसत नाही. म्हातारा ठेव, साहेब उडव."

त्यांच्या वाहिनीवर लेखकानं 'चालेल' कळवल्याशिवाय काही दाखवत नसत. तिनं 'चालेल' कळवलं. तीन अक्षरं! तेवढी गिळली असती तर...

लाखो लोक हसले. पडद्यावर थरथरत्या हातात पळी धरून एक नट घोषणा करत होता.

भोंगेराव तिला कचेरीच्या दाराशीच भेटला. आत आला नाही.

"चिमटा आपल्याहून मोठ्यांना काढायचा, असं तूच म्हणायचीस ना? माझे बाबा कोणाहून मोठे होते गं?"

"साहेबांचाही भाग होता रे... कापला."

"तुला न विचारता?"

तिनं गळ्यातलं ओळखपत्र मुठीत झाकलं.

"गल्लीतली पोरं ओरडतात, काका, चहा कुठवर आला? घरात आवाज नाही आता. चहा मुकाट्यानं येतो."

दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या घरी गेली. तो कामावर होता. इस्त्रीच्या शर्टातल्या वडिलांनी दार उघडलं.

"काका, ते मी लिहिलं. चुकलं माझं."

त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग खाकरून म्हणाले, "चुकीचा फलाट सांगितला गेला, की आम्ही त्याच भोंग्यावरून दुरुस्ती सांगायचो. कितीही लाज वाटली तरी. तुमच्यात असते का गं ती सोय?"

शुक्रवारी नट नव्हता, पळी नव्हती. नुसती ती. "कृपया लक्ष द्या. मागच्या चिमट्यात दुरुस्ती आहे. हसायचं होतं साहेबांना. मी हसवलं एका सज्जन माणसावर, आणि तेही मला विश्वासानं सांगितलेलं वापरून." संपादक वैतागला, "यात हसायचं कुठे?" जेमतेम दोन-तीनशे लोकांनी पाहिलं.

सोमवारी त्याचा निरोप आला. "आज चहा सात मिनिटं उशिरानं आला. तशी घोषणा झाली."

तिचे डोळे भरून आले. चार चटपटीत उत्तरं लिहून तिनं खोडली आणि एवढंच विचारलं, "आणि तू? कधी येशील?"

उत्तर दुपारी आलं. "बाबांनी माफ केलं. मलाही राग नाही आता... पण यापुढे तुला काही सांगताना मी आधी विचार करीन. आणि असं जपून प्रेम करणं मला नाही गं जमायचं."

संध्याकाळी तिची पावलं स्थानकाकडेच वळली. फलाटावर शिडी नव्हती. त्यानं दुरुस्त केलेला भोंगा अगदी स्पष्ट बोलत होता. मघाशी तिच्या डोळ्यांदेखत सुटलेली गाडी "थोड्याच वेळात येत आहे" म्हणून सांगत होता.

ती बाकावर बसली आणि वाट बघू लागली.